नऊ दिवसांचा सराव

(आतल्या खोलीत पलंगावर मोज्यांचा ढीग. बाहेरच्या खोलीतून नकाशा उलगडल्याचा आवाज आणि दोन मोठ्या माणसांचा दबका वाद.)

मावशीआजी : …नाही, डोळे मिटायचे नाहीत. डोळे मिटून कल्पना कुणालाही करता येते. आपण उघड्या डोळ्यांनी करायची, आणि हातानं मोजे जोडत राहायचे.

धाकटी : उघड्या डोळ्यांनी मला मोजेच दिसतात.

मावशीआजी : मग मोज्यांच्या पलीकडे बघ. चौथ्या मजल्यावरचं एक घर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधे अरुंद बोळ आणि शेवटी बाल्कनी. दिसलं?

थोरली : बाल्कनी केवढी?

मावशीआजी : तीन कुंड्या, एक स्टूल आणि एक माणूस मावेल एवढी. दुसरा आला तर पहिल्यानं पोट आत घ्यायचं. त्या घरात तुम्हा दोघींच्या मधल्या वयाची एक मुलगी राहत होती. नाव चांगलं लांबलचक होतं, पण हाक मारायची ती ठिणगी म्हणून.

धाकटी : असलं कसलं नाव?

मावशीआजी : तिचे बाबा कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. आग लागू नये, यंत्रात कुणाचा हात जाऊ नये, जिन्यावर तेल सांडलेलं नसावं, हे बघणं त्यांचं काम. अशा माणसाच्या पोटी ही जन्मली, आणि जन्मल्यापासून एका जागी ठरेना. मग दुसरं काय म्हणणार?

थोरली : आणि आई?

मावशीआजी : आई एका मोठ्या हॉटेलात. पाहुणी म्हणून नाही हं. सत्तर खोल्या तिच्या देखरेखीखाली. कुठल्या गादीची चादर सुटली, कुठल्या उशीला सुरकुती आहे, कुठल्या नळाला डाग आहे, सगळं तिच्या नजरेत. आणि घरात चौथे होते ते आजोबा, आईचे वडील. आई आणि बाबा दोघंही त्यांना अण्णा म्हणायचे. ते लिफ्टमन होते. छत्तीस वर्षं एका कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून लोकांना वर न्यायचे आणि खाली आणायचे.

धाकटी : छत्तीस वर्षं? त्यांना कंटाळा नाही आला?

मावशीआजी : ठिणगीनंही हेच विचारलं होतं. तर म्हणाले, माझ्याएवढा प्रवास कुणी केला नसेल, फक्त आडवा करायचा राहिला.

थोरली : म्हणजे ते कुठे फिरायलाच गेले नव्हते?

मावशीआजी : शहराबाहेर दोनदा. दोन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला, आणि दोन्ही वेळा त्याच रात्री परत. आता ऐक. त्या वर्षी उन्हाळ्यात सहल ठरली. नऊ दिवसांची. आधी एक शहर, त्या शहराजवळचं राष्ट्रीय उद्यान. मग आगगाडीनं दुसरं शहर, आणि त्याच्याजवळचं दुसरं उद्यान. मुक्काम शहरात करायचा, दिवसा जंगलात जायचं, अंधार पडायच्या आत परत.

थोरली : आमचे बाबा म्हणतात जंगलातच राहायचं. त्यावरूनच तर चाललंय बाहेर.

मावशीआजी : चालू दे. त्या घरात शहर हवं होतं आईला. आयुष्यात एकदा तरी दुसऱ्यानं घातलेल्या अंथरुणावर झोपायचं, एवढीच तिची मागणी. बाबांनाही शहरच बरं वाटत होतं, कारण शहरात अग्निशमन दल असतं. जंगल हवं होतं ठिणगीला. आणि ठिणगीला आणखी एक हवं होतं. आजोबा बरोबर हवे होते.

धाकटी : मग? ते होतेच की.

मावशीआजी : नव्हते. बाबांनी सहलीची वही केली होती. त्यात एक रकाना होता, ‘एकूण माणसं’, आणि त्याखाली लिहिलं होतं, तीन.

धाकटी : आजोबांना विचारलंच नाही?

मावशीआजी : विचारलं होतं. एकदा. आईला वाटत होतं, जावयानं विचारलं तर जास्त मान. बाबांना वाटत होतं, मुलीनं विचारलं तर जास्त बरं दिसेल. असं करता करता दोघांनी मिळून एकदाच विचारलं, तेही सकाळी दारात बूट घालता घालता. आजोबा म्हणाले, नको नको, मी कशाला, गुडघा आहे माझा, तुम्ही जाऊन या. बाबांनी संध्याकाळी वहीत लिहिलं, ‘अण्णा : नाही’. संपलं.

थोरली : मग बरोबरच आहे. ते नाही म्हणाले.

मावशीआजी : काल आपल्याकडे ताटलीत शेवटचं बिस्कीट उरलं होतं. मी तुला विचारलं, घेतेस का. तू काय म्हणालीस?

थोरली : … नको.

मावशीआजी : मग मी काय केलं?

थोरली : परत विचारलंत.

मावशीआजी : आणि बिस्कीट कुठे आहे?

धाकटी : तिच्या पोटात. आणि मला अर्धंसुद्धा नाही दिलं.

मावशीआजी : तर तसं. पहिलं ‘नको’ हे उत्तर नसतं, ते दारावरचं पायपुसणं असतं. त्याच्यावर पाय पुसून आत यायचं असतं. पण ठिणगीच्या बाबांच्या कामात असं चालत नाही. तिथे एक प्रश्न, एक उत्तर, समोर खूण. पंधरा वर्षं त्यांनी असंच केलं होतं, आणि म्हणूनच त्यांच्या कारखान्यात कुणाचं बोटसुद्धा कापलं नव्हतं. माणूस वाईट नव्हता. पक्का होता.

थोरली : पण आजोबांना खरंच जायचं होतं कशावरून? खरंच दुखत असेल गुडघा.

मावशीआजी : गुडघा दुखतच होता. पण रोज दुपारी घरी कुणी नसताना ते ठिणगीला नकाशा उघडायला लावायचे. वाटेवरून तिचं बोट फिरवायला सांगायचे. इथे चढ आहे का? इथे वळणावर बाक असेल का? हा निळा ठिपका म्हणजे पाणी ना? ज्याला जायचं नाही, तो बाक कशाला विचारेल?

धाकटी : मग ठिणगीनं सांगून टाकायचं ना.

मावशीआजी : तिला शपथ घातली होती. आजोबा म्हणाले होते, तुझ्या आईला कळलं तर ती मला न्यायचं म्हणून नेईल. ओझं म्हणून जायचं नाही मला. आता आली का पंचाईत? तिला ठाऊक, त्यांना ठाऊक, आणि सांगायचं नाही. आणि सोमवारी सकाळी दहा वाजता तिकिटांची खिडकी उघडणार. बाबा तीन तिकिटं काढणार. हातात राहिला फक्त रविवार.

धाकटी : रविवारी काय झालं?

मावशीआजी : रविवारी सराव झाला.

थोरली : कसला?

मावशीआजी : सहलीचा. बाबांचं म्हणणं असं की ज्याचा सराव केला नाही ते करायचंच नाही. कारखान्यात ते दर महिन्याला खोटी आग लावून सगळ्यांना अंगणात उभं करायचे. मग नऊ दिवसांची एवढी मोठी सहल सरावाशिवाय कशी करणार? रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. एका तासात एक दिवस.

थोरली : घरात?

मावशीआजी : घरातच. झोपायची खोली हे पहिलं शहर. बोळ म्हणजे बस. बाल्कनी म्हणजे पहिलं उद्यान. मग दुसरं शहर त्यांनी स्वयंपाकघरात ठेवलं, तर आई म्हणाली, सुट्टीतसुद्धा माझा मुक्काम स्वयंपाकघरात असेल तर मी येतच नाही. म्हणून दुसरं शहर बाहेरच्या खोलीत आलं आणि स्वयंपाकघराचं उद्यान झालं.

धाकटी : आणि न्हाणीघर?

मावशीआजी : धबधबा. नळ गळकाच होता, त्यामुळे सोय आयती होती.

धाकटी : आणि आजोबा काय होते?

मावशीआजी : शाब्बास. तोच प्रश्न. प्रवासी तीनच होते ना. मग हॉटेलातला माणूस कोण होणार? बसचा कंडक्टर? जंगलातला पहारेकरी? अस्वल? सगळी कामं आजोबांच्या गळ्यात पडली. वहीत ‘अण्णा : नाही’ आणि सरावात जिथे तिथे अण्णा.

धाकटी : अस्वलसुद्धा?

मावशीआजी : अस्वल दुपारी आहे. धीर धर. तो निळा मोजा त्या राखाडीला लावू नकोस.

धाकटी : दोन्ही एकेकटेच आहेत. त्यांची मैत्री करतेय.

मावशीआजी : बरं. तर आठ वाजता शिट्टी वाजली. तिघं पाठीवर पिशव्या लावून झोपायच्या खोलीच्या दाराशी आली. दारात आजोबा, जुनी टोपी घालून. सवयीनं त्यांनी दार उघडून आधी मजला सांगितला. पहिला मजला, शहर, सावकाश उतरा. आई आत गेली आणि पलंगाकडे बघून तिच्या कपाळाला आठी पडली. अंथरूण तिनंच सकाळी घातलेलं होतं, पण आता ती पाहुणी होती ना. चादरीचा कोपरा सैल आहे म्हणाली. उशीच्या अभ्र्याची शिवण बाहेर आली आहे म्हणाली. आजोबांना चार शब्द सुनावले. आजोबा म्हणाले, बाईसाहेब, तक्रार बरोबर आहे, आमच्याकडची देखरेख करणारी बाई सध्या सुट्टीवर गेली आहे.

थोरली : म्हणजे तीच.

मावशीआजी : तीच. मग तिनं स्वतःच चादर खोचली, आणि पहिली रात्र झाली. रात्र पाच मिनिटांची. दिवे घालवून सगळ्यांनी आडवं व्हायचं. पाच मिनिटांनी शिट्टी वाजली, ठिणगी उठली, बाबा उठले. आई उठेना.

धाकटी : मेली?

मावशीआजी : झोपली ग. आठवडाभर सकाळी पाचला उठून कामावर जाणारी बाई. बाबांनी कानाशी शिट्टी वाजवली, तर झोपेतच म्हणाली की खोली दुपारी बारापर्यंत आमची आहे. बस चुकली. बाबांनी वहीत लिहिलं, ‘त्रुटी पहिली’. तीन दिवस ती पहिल्या शहरातच झोपून होती, म्हणजे अकरा वाजेपर्यंत. उठल्यावर म्हणाली, फार सुंदर शहर आहे.

थोरली : मग जंगल?

मावशीआजी : जंगलाची गोष्ट जरा नीट ऐक, सगळं तिथेच घडलं. खऱ्या उद्यानात पाणवठ्याजवळ एक लाकडी झोपडी होती. भिंतीला फट. आत बसून बाहेर बघायचं. नियम एकच, अर्धा तास न हलता, न बोलता बसायचं, तर जनावर पाण्यावर येतं. ठिणगीला सगळ्या सहलीत हवी होती ती हीच झोपडी. बाबांनी दिवसाचा तास केला होता, रात्रीची पाच मिनिटं केली होती, पण हा अर्धा तास अर्धा तासच ठेवला. म्हणाले, गप्प बसणं छोटं करून सराव होत नाही.

थोरली : हे बरोबर आहे त्यांचं.

मावशीआजी : मग बसली तिघं बाल्कनीत, पोटं आत घेऊन. कोपऱ्यात स्टुलावर आजोबा, पहारेकरी म्हणून. कुंडीखालच्या ताटलीत पाणी, तो पाणवठा. दुसऱ्या मिनिटाला ठिणगीच्या तळपायाला खाज आली. चौथ्या मिनिटाला आईचा हात आपोआप कुंडीकडे गेला आणि ती वाळकी पानं खुडायला लागली. सहाव्या मिनिटाला बाबांना कठड्याचा एक खिळा ढिला दिसला. आता सुरक्षा अधिकारी ढिला खिळा बघून गप्प बसेल का? ते वाकले, गळ्यातली शिट्टी कठड्यावर टण्णकन आपटली, ठिणगी हसली, आई ओरडली, आणि तिघंही जंगलातून बाहेर.

धाकटी : मी तर बसेन अर्धा तास.

थोरली : तू आत्ता गोष्ट सुरू झाल्यापासून तीनदा पलंगावरून उतरलीस.

धाकटी : मोजा पडला होता.

मावशीआजी : तिघं बाहेर येऊन एकमेकांवर खापर फोडत होती. तू हललीस, तुमची शिट्टी, तुझी पानं. तेवढ्यात ठिणगीचं लक्ष काचेच्या दाराकडे गेलं. आजोबा अजून आतच होते. त्यांना कुणी सराव संपल्याचं सांगितलंच नव्हतं. हात मांडीवर, मान सरळ, नजर कुठेही नाही. आणि कुंडीच्या कडेवर एक पक्षी.

धाकटी : कुठला?

मावशीआजी : साधा. तपकिरी, मुठीएवढा. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तो खाली ताटलीत उतरला. पाणी प्यायला. आजोबांकडे बघितलं, आणि जसं काही तिथे एक रिकामं स्टूलच आहे, अशा थाटात अंघोळीला बसला. आजोबांच्या विजारीवर शिंतोडे. मग दुसरा आला. तो आजोबांच्या बुटावर उतरला आणि बुटाची नाडी ओढायला लागला. आजोबांची पापणीसुद्धा हलली नाही.

थोरली : ठिणगीनं काय केलं?

मावशीआजी : तिनं आईचा हात धरला. आईनं बाबांचा. तिघं काचेला नाक लावून उभी. किती वेळ, ते बाबांनाही सांगता आलं नाही, आणि त्यांच्या हातात तर घड्याळ होतं. मागे स्वयंपाकघरात, म्हणजे दुसऱ्या उद्यानात, दूध उतू जाऊन शेगडी विझली, करपल्याचा वास घरभर झाला. सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरात, सुरक्षा अधिकारी हजर असताना. धावपळ झाली, खिडक्या उघडल्या, पक्षी उडाले.

धाकटी : अरेरे.

मावशीआजी : शेगडी पुसून झाल्यावर बाबा बाल्कनीच्या दारात आले. त्यांनी विचारलं, अण्णा, हे कसं जमतं तुम्हाला? आजोबांना आधी कळेचना की कशाबद्दल चाललंय. मग म्हणाले, ‘जावईबापू, लिफ्टमध्ये जागा ती केवढी. आत येणाऱ्याला वाटलं पाहिजे, आख्खी लिफ्ट माझीच आहे. चालवणाऱ्यानं स्टुलावर असायचं, पण जागा अडवायची नाही. छत्तीस वर्षं तेवढंच तर केलं मी.’

धाकटी : म्हणून पक्ष्यांना ते दिसलेच नाहीत.

थोरली : पुढे सांगा.

मावशीआजी : मग सरावाचा पुढचा भाग, दुसरं शहर. तिथलं संग्रहालय म्हणजे बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट. आईनं कपबशा बघत सगळ्यांना दहा मिनिटं माहिती दिली. मग अस्वल.

धाकटी : आलं एकदाचं.

मावशीआजी : घोंगडी पांघरून आजोबा स्वयंपाकघराच्या दारामागे दबा धरून बसले. तिघांनी बेसावध यायचं, अस्वलानं उठायचं, आणि तिघांनी न पळता हळूहळू मागे सरकायचं, असा सराव. पण अस्वल उठायला गेलं की आधी गुडघा वाजायचा, कट्. सगळ्यांना कळायचं, अस्वल कुठे आहे. तीनदा केलं, तीनदा कट्. चौथ्यांदा आई म्हणाली, पुरे झालं, अस्वल दमलं आहे, अस्वलाला आधी चहा द्या. अस्वल स्टुलावर बसून चहा प्यायलं. ठिणगी त्याच्या घोंगडीत शिरून बसली.

थोरली : गुडघ्याचं मग खरंच होतं. त्यांना नेलं असतं तरी चालवलं नसतं.

मावशीआजी : तेच सांगते. दुसऱ्या उद्यानात डोंगरावर एक जागा होती, तिथून खालचं तळं दिसायचं. तिथे जायला दोनशे बारा पायऱ्या. आजोबांचं सगळं अडलं होतं ते त्या पायऱ्यांपाशी. सरावासाठी बाबांनी इमारतीचा जिना घेतला, खाली जाऊन वर यायचं, तीनदा. तिसऱ्या खेपेला तिघं धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचली, तर तिथे टोपी घालून आजोबा उभे. खाली जाऊन इमारतीच्या लिफ्टनं वर आले होते. म्हणाले, वरची जागा, तळं डावीकडे. आई पायरीवरच बसली, आणि हसता हसता एकदम थांबली. म्हणाली, ‘आमच्या हॉटेलाला पुढून चकचकीत जिना आहे. पण सामान काय त्या जिन्यानं चढतं? मागून वेगळी वाट असतेच. डोंगराला नसेल कशावरून? वर चहाची टपरी असेल तर तिथे साखर कशी पोचते?’

थोरली : गाडीनं!

मावशीआजी : बाबांनी उद्यानाचं माहितीपत्रक काढलं. सगळ्यात खाली बारीक अक्षरांत होतं, पलीकडच्या बाजूनं वरपर्यंत गाडीरस्ता, दिवसातून चार वेळा छोटी बस. बाबांनी ते तीनदा वाचलं. मोठ्यानं नाही, मनात. ठिणगी त्यांचे ओठ बघत होती.

धाकटी : मग झालं. आजोबा चालले.

मावशीआजी : कसे चालले? वहीत काय लिहिलं होतं?

धाकटी : ‘अण्णा : नाही’.

मावशीआजी : हं. आता संध्याकाळचे पाच वाजलेत. सराव संपला की बाबा सगळ्यांना समोर बसवून चुका वाचून दाखवायचे. तसे बसले. पहिली त्रुटी, आई उठत नाही. दुसरी, चादरी तपासू नयेत. तिसरी, शिट्टी जंगलात न्यायची नाही, ही बाबांनी स्वतःवरच लावली. चौथी, शेगडी. असं करत करत नऊ झाल्या. दहावी वाचताना ते अडखळले. म्हणाले, पाणवठ्यावर अर्धा तास बसू शकेल असा आपल्यात कुणीही नाही. असा माणूस नसेल तर झोपडीत जाऊन काही दिसणार नाही.

थोरली : आणि सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं.

मावशीआजी : नाही. हीच गंमत. कुणीच बघितलं नाही. आई कपातल्या चहाकडे बघत होती, बाबा वहीकडे. आजोबा कुठेच बघत नव्हते, ते त्यांना येतच होतं. बघत होती एकटी ठिणगी, सगळ्यांकडे. शपथ होती ना. सांगता येत नव्हतं, आणि उद्या दहा वाजता खिडकी उघडणार होती.

धाकटी : आता उघडेल ना खिडकी!

मावशीआजी : मग बाबांनी घसा साफ केला. त्यांना सवय नव्हती एकच प्रश्न दोनदा विचारायची. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणाले, ‘अण्णा, तुम्ही येता का?’

धाकटी : हो म्हणाले.

मावशीआजी : आजोबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. टोपीवरून हात फिरवला. आणि म्हणाले, ‘छे हो. मी कशाला आता. तुमच्या पायात पाय होईल माझा.’

धाकटी : आजोबा वेडे आहेत का?

थोरली : तसं नसतं ग. बिस्किटाला मीसुद्धा दोनदा नको म्हणाले होते. तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतलं.

मावशीआजी : बाबांचा चेहरा पडला. खरंच पडला हं, ठिणगीनं पाहिला. पण हाताला सवय असते. प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, पेन उघडलं, वही मांडीवर घेतली आणि ‘अण्णा’ या नावापुढे टोक टेकवलं. दुसऱ्यांदा तेच लिहायला.

धाकटी : नाही लिहायचं त्यांनी.

मावशीआजी : ठिणगी उठली.

थोरली : सांगून टाकलं तिनं?

मावशीआजी : शपथ मोडली नाही तिनं. दुपारच्या नकाशाबद्दल एक अक्षर बोलली नाही. बाबांच्या मांडीवरची वही उचलली, मिटली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर मांडी घालून बसली. आई म्हणाली, अग, काय हे. बाबा नुसतंच पेन धरून बसले. ठिणगीनं वर बघून त्यांना सांगितलं, ‘बाबा, लिहायचं नंतर. आधी परत विचारा.’